पंधरा अंशांचा हिवाळा

वुब्बो डाइकेमानं एक्केचाळीस वर्षं लोकांच्या घरांत घर गरम ठेवणारे गॅसचे बॉयलर बसवले. आपिंगेदाम या छोट्या गावात आणि आसपासच्या खेड्यांत त्यानं गुडघे टेकून पाइप जोडला नाही असं घर क्वचितच सापडलं असतं. माणूस अबोल, पण हाताला यश होतं. "वुब्बो येऊन गेला ना? मग आता थंडीची काळजी सोडा," असं म्हातारी माणसं म्हणायची.

निवृत्त झाल्यावर हाच माणूस बदलला. आधी त्यानं गाडी विकली आणि सायकल धरली. मग मांसाहार सुटला. वाटाण्याच्या दाट सूपमधलं सॉसेजसुद्धा गेलं. विमानाचं तर नावच नको. आणि एका ऑक्टोबरात त्यानं घरातली ऊब ठरवणारा थर्मोस्टॅट पंधरा अंशांवर आणून ठेवला.

"यापुढं एवढंच," तो म्हणाला.

त्याची बायको खेस्के बटाटे सोलत होती. "यापुढं म्हणजे किती दिवस?"

"दिवस कसले? कायमचं."

"बरं," ती म्हणाली, आणि अंगावरच्या स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवला.

शेजारची आल्ट्ये तिला चिडवायची, "काय गं, तुमच्याकडे दूध फ्रिजमध्ये ठेवता की नुसतं टेबलावर?" खेस्के हसून सोडून द्यायची. नवऱ्याविरुद्ध बाहेर शब्द काढायची तिला सवय नव्हती. मात्र रोज दुपारी जेवण आटोपलं की ती सायकल काढून वाचनालयात जायची आणि पाच वाजता परतायची. या वयात बायकोला वाचनाचं वेड लागलं, याचं वुब्बोला मनातून बरं वाटायचं.

फेब्रुवारीत पूर्वेकडचा वारा सुटला आणि कालव्यावर बर्फ धरलं. एका दुपारी खेस्केचा चष्मा टेबलावरच राहिला. चष्म्याशिवाय ही वाचणार काय, म्हणून वुब्बोनं तो खिशात टाकला आणि सायकलवर टांग मारली.

वाचनालयाच्या मागच्या कोपऱ्यात, रेडिएटरला लागून ठेवलेल्या खुर्चीत खेस्के झोपली होती. कोट काढलेला, बूट काढलेले, मोज्यांतले दोन्ही तळवे गरम पत्र्याला टेकवलेले. मांडीवर पुस्तक नव्हतं. गाल लालसर झाले होते. कित्येक महिन्यांत वुब्बोनं तिचा चेहरा असा पाहिला नव्हता. घरी तिच्या बोटांची टोकं निळी पडलेली त्याला दिसायची. वयच झालंय, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं.

ग्रंथपाल यांतिना हळूच जवळ आली. "काका, उठवू नका हं. आत्ताच डोळा लागलाय काकूंचा."

"चष्मा विसरली होती."

"चष्मा?" ती गोंधळली. "अहो, त्या इथं वाचत नाहीत. ऊब घ्यायला येतात. नोव्हेंबरपासून ही खुर्ची आम्ही त्यांच्यासाठीच ठेवतो." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज खाली आला. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

वुब्बो कोटासकट समोरच्या बाकावर बसून राहिला. तासाभरानं खेस्के जागी झाली, त्याला पाहिलं, आणि बूट घालू लागली.

दोघं सायकली हातात धरून कालव्याच्या कडेनं निघाली. वारा तोंडावर येत होता.

"सांगितलं का नाहीस?" त्यानं विचारलं.

"तू विचारलं होतंस?"

"मी काय स्वतःसाठी करत होतो का? पृथ्वी अशी तापत चाललीय, नातवंडांच्या वाट्याला काय जग येणार—"

"ते कळतं मला. मला काय अक्कल नाही? गाडी विकलीस, मी ब्र काढला नाही. सॉसेज गेलं, तेही सोसलं. पण बॉयलर तू बसवलेस, वुब्बो. प्रायश्चित्त घ्यायचं तर तू घे. मला कशाला गारठवतोस?"

घरी येताच त्यानं कोट न काढता थर्मोस्टॅट अठरावर नेला. तीन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं.

एप्रिलमध्ये त्यानं घराच्या फरशीखालच्या पोकळीत उष्णतारोधक थर बसवायला घेतला. सदुसष्टाव्या वर्षी तो पोटावर सरपटत आत शिरला. वर फरशीतल्या झडपेशी बसून खेस्के दिवा धरायची, थराच्या गुंडाळ्या खाली सरकवायची. तिथं, अंधारात तोंड दिसत नसताना, तो एकदम बोलायला लागला.

"जुन्या डायऱ्या काढून मोजले मी. दोन हजार आठशेच्या वर बॉयलर. प्रत्येक घरी सांगायचो, वीस वर्षं बघायला नको. वीस वर्षं जळणार, खेस्के. आणि तो गॅस इथलाच, आपल्या पायांखालचा. उपसून उपसून जमीन हादरायला लागली. आल्ट्येची भिंत फुटली ना, ती भेग बुजवायला मीच गेलो होतो."

वरचा दिवा थोडा पुढं सरकला.

"हे तू आधी सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर सोळावर राहिले असते मी."

"पंधरावर नाही?"

"पंधरावर नाही."

पुढच्या हिवाळ्यात थर्मोस्टॅट अठरावरच राहिला, आणि थर बसवूनही गॅस आदल्या वर्षापेक्षा थोडा जास्तच जळला. ते वुब्बोच्या जिवाला लागलं, आणि त्यानं ते या वेळी बोलून दाखवलं. कडाक्याच्या दिवसांत बाहेरची खोली बंद करून दोघांनी स्वयंपाकघरातच राहायचं, हे मग खेस्केनंच सुचवलं.