शकुबाईच्या जाळ्यातले दोडके

१९५६ साली आम्ही सिंदेवाहीला होतो. घरामागे शकुबाई ढिवरीण राहायची, एकटी. लहानपणी चुलीत पडून तिच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं भाजली आणि एकमेकांना चिकटली ती कायमचीच. तिथल्या बायका मासे धरायच्या जाळ्याचं भोक बोटांवर सूत घेऊन मोजतात. शकुबाईच्या जाड जोडबोटांवर ते भोक मोठं व्हायचं. नवऱ्याने कुरकुर न करता तीच जाळी वापरली. तो गेल्यावर मात्र पोटासाठी दुसऱ्यांची जाळी विणणं आलं.

७ जुलैला डोमा ढिवर आपलं नवं जाळं तिच्या अंगणात टाकून ओरडत होता, "काऊन वो शकुबाई, मासोया पकडाच्या हायेत का सोडाच्या? सप्पा निंगून गेल्या!"

"मोठ्या तं रायल्या ना, भाऊ?"

"दोन! अन् घरी खानारे नऊ!"

तिने दोन दिवस मागून घेतले. बोटांऐवजी बांबूची पट्टी धरून विणायला बसली. पट्टी त्या बोटांत ठरेना. मी जवळ बसून पट्टी धरली, तर माझाच हात तिच्या आड येऊ लागला. दिवसभरात अकरा गाठी झाल्या.

"जा बाई तुमी," ती म्हणाली. "सैपाक रायला असन तुमचा."

तिसऱ्या दिवशी उरलेलं सूत डोमाने गावातल्याच लटारूच्या सुनेला नेऊन दिलं; ती बारीक भोकांची जाळी विणायची. शकुबाई रोवणीला गेली. धानाची रोपं बोटांतून गळायची. दुसऱ्याच दिवशी तिला घरी पाठवलं. मी डबा द्यायची. ती घ्यायची, पण माझ्याकडे बघायची नाही.

डोमाने टाकलेलं जाळं तिने दोडक्याच्या मांडवावर पसरलं होतं. आश्विनात एका संध्याकाळी तिने मला हात धरून नेलं. वेल जाळ्यावर चढला होता, पिवळी फुलं उमलली होती, आणि भोकाभोकांतून दोडके सरळ खाली लोंबत होते.

"लटारूच्या सुनेच्या जाळ्यातून असा दोडका उतरन का, बाई? अडकून वाकडा होईन." ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

"काम मिळालं का कुठं?"

"नाई." मग हळूच म्हणाली, "सुतळी हाये का तुमच्याकडे? कारल्यालेही एक विणतो."

पार्सलांच्या सोडून ठेवलेल्या सुतळ्या मी दिल्या. दारातच बसून तिने जोडबोटांवर पहिलं भोक घेतलं. मोठंच.

माझ्या रोजच्या वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे: शकुबाईकडून दोडके तीन. डोमा जाळं मागायला आला नाही.