कामतघरच्या बागेचा नकाशा कोणी काढला

"ही चॉकलेटी रेघ काढून टाका," माझे वरिष्ठ भोईर साहेब म्हणाले. "उद्या मोठे साहेब येणार. त्यांना मुलांचं चित्र दाखवायचंय, चिखल नाही."

मी तेव्हा महापालिकेच्या शहर नियोजन विभागात ज्युनिअर इंजिनिअर होतो. कामतघरच्या चाळींमधल्या मोकळ्या प्लॉटवर बाग करायची होती. योजनेची अट अशी की डिझाइन वस्तीतल्या मुलांनीच करायचं. मंजुरी हुकली तर प्लॉट टेम्पो पार्किंगला जाणार आणि मुलं पुन्हा रस्त्यावर खेळणार.

मुलांनी चार रविवार बसून नकाशा काढला होता. पाचवीतली सायरा त्यांची पुढारी. तिने प्लॉटच्या मधोमध जाड चॉकलेटी रेघ ओढून घसरगुंडी कोपऱ्यात ढकलली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "सर, इधर से बीम की गाडी जाती है." बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला जड रूळ. तो लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, चढवतात. कारखान्यापर्यंत हमाल हातगाडीवरून नेतात. माझ्या सरकारी नकाशात तिथे वाट नव्हती. म्हणजे ती नव्हतीच, असं मी धरलं.

संध्याकाळी घरी नवा कागद घेतला. मुलांचं वाटावं म्हणून डाव्या हाताने चित्र काढलं. वाट गाळली, घसरगुंडी मधोमध आणली. खाली लिहिलं, 'सायरा, पाचवी'.

बायको डोकावली. "पाचवीतली पोर स्केल पण टाकते?"

सवयीने एकास दोनशे स्केल लिहून उत्तरेचा बाणही काढला होता. स्केचपेन खोडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलेल्या सायराला मोठ्या साहेबांनी कौतुकाने विचारलं, "बेटा, एकास दोनशे म्हणजे काय?"

सायराने कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "सर को पता है."

"किती नम्र मुलगी," साहेब म्हणाले. मंजुरी मिळाली. सायराला कंपासपेटी मिळाली.

बाहेर आल्यावर तिने मला गाठलं. "सर, रास्ता किधर गया?"

"बघू," मी म्हणालो.

बाग झाली. पहिल्याच सकाळी बीमची गाडी घसरगुंडीपाशी येऊन थांबली. मागे आणखी पाच. म्हातारा हमाल शांतपणे म्हणाला, "सायेब, बीम आता घसरगुंडीवर चढवायचा काय? न्हाय तर कुंपण तोडतो. तुमी सांगा."

घसरगुंडीवर बसलेली मुलं माझ्या उत्तराची वाट पाहत होती.

आठवड्याभरात घसरगुंडी उखडून कोपऱ्यात बसवली. वाट मोकळी झाली. गाड्या मधून जात आणि मुलं दोन्ही बाजूंना खेळत. फाइलवर शेरा आला : 'अभियंत्याने वेळीच तांत्रिक सुधारणा केली.' त्या वर्षी माझा गोपनीय अहवाल उत्तम झाला.

ती सुधारणा माझी नव्हती. मुलांच्या पहिल्या कागदावर ती होतीच, माझी होती ती फक्त चूक. मुलांकडून नकाशा काढून घ्यायचा असेल तर इंजिनिअरच्या हाती त्या दिवसांत पेन देऊ नये.