मोहफुलं वेचणारी आई

परदेशातल्या विद्यापीठात मी गरिबीचं अर्थशास्त्र शिकवतो. माझी आई गडचिरोलीच्या जंगलात मोहफुलं वेचायची, हे तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. खरं म्हणजे माझी आई ब्रह्मपुरीच्या शाळेत शिक्षिका होती. मोहफुलं वेचायची ती आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई. मोहाच्या दिवसांत ती कुरखेड्याकडच्या आपल्या गावी जायची.

नोकरीच्या मुलाखतीत मी जंगलाचा विषय काढला आणि समोरची माणसं सावरून बसली. तेव्हाच मी तिची पहाट, तिची टोपली माझ्या आईला देऊन टाकली. पुढे भाषणाआधी कुणी माझी ओळख करून दिली, की त्यात ती टोपली यायचीच. मी कधी दुरुस्त केलं नाही. उलट थोडी भरच घातली.

या उन्हाळ्यात माझी तिकडची एक विद्यार्थिनी अभ्यासासाठी इकडे आली. तिला माझ्या आईला भेटायचं होतं. मी तिला त्या बाईच्या गावी नेलं. जीपमधून उतरल्याबरोबर पोरगी तिच्या पाया पडली.

बाई मागं सरकली. "हे पोरगी माह्या पाया काऊन पडून राह्यली, बाबू?" मग हसून म्हणाली, "आन् आमच्या मास्तरीणबाई कशा हायेत? त्यायले नाई आणलं?"

"काय म्हणाल्या त्या?" विद्यार्थिनीनं मला विचारलं.

"उशिरा आलास, म्हणते."

बाईनं चहा केला. शेजारणीला हाक मारून सांगितलं, "पाह्य, एवढ्या दुरून मले भेटाले आला." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. विद्यार्थिनीनं आमचा फोटो काढला. तो काढताना तिचे डोळे भरून आले होते.

परतताना ब्रह्मपुरीजवळ आईचा फोन आला.

"कुठवर आलास? सांबारवड्या केल्यात. पाहुणीसाठी तिखट कमी घातलं."

"जमत नाही. थेट नागपूरला निघालोय."

मी 'आई' म्हटलं नाही. मराठीतला तेवढा शब्द विद्यार्थिनीला कळला असता.

आई म्हणाली, "बरं. तिले वाटेत काही खाऊ घाल मग. परकं लेकरू आहे."

"कोण होतं?" विद्यार्थिनीनं विचारलं.

"शाळेतल्या एक बाई," मी म्हणालो, आणि जीपवाल्याला थांबू नको म्हणून सांगितलं.

ती माझ्याच हाताखाली प्रबंध लिहिते आहे. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. आईलाही नाही.