विहिणीचं उत्तर

धोंडुबाई माझी शेजारीण. गडमुडशिंगीत आमची दारं समोरासमोर आहेत. ती डोंगरातली, गवळी धनगर. धनगरवाड्यावरची माणसं खाली आली तेव्हा एका संस्थेनं त्यांना घरं दिली, बायकांना शेळ्या दिल्या, मुलं शाळेत घातली. भलं झालं. गाणी मात्र कुणी मागितली नाहीत.

त्यांच्यात हळद बायकांच्या भांडणाशिवाय लागत नसे. वधूकडची बाई गाण्यातून विहिणीची खोड काढायची, विहिणीनं त्याच चालीत दुपटीनं परत करायची. उत्तर आलं की सोयरीक पक्की. गाणाऱ्या एकेक करून गेल्या, धोंडुबाई उरली. शेळ्यांना पाला टाकताना ती एक कडवं म्हणे आणि थांबे.

"पुढचं म्हण की गं," मी म्हणायची.

"पुढचं विहिणीचं असतंय, अक्का."

आईबापाविना वाढवलेल्या तिच्या नातीचं, तेजस्वीचं, लग्न ठरलं. नवरा जयसिंगपूरचा, पण त्यांच्यातलाच. धोंडुबाई हरखली. "आपलीच माणसं हायती. देतील की उत्तर!"

हळदीला स्पीकर बंद करायला लावून ती उभी राहिली.

"विहीण आली नटूनथटून, डोईला न्हाय तेल गं,
ताक मागाय गेली तिथं म्हशीनं केला खेळ गं!"

काय आवाज! मी उभी हयात नाटक कंपनीत काढली, पण असा खडा सूर क्वचितच ऐकला. ती थांबली. उत्तरासाठी विहिणीकडं बघू लागली.

विहीणबाई लालबुंद झाल्या. "आमास्नी बोलावून अपमान करतायसा व्हय?"

"अवो, गाणं हाय त्ये! तुमीबी मला शिव्या द्या की. एक तरी द्या!"

कुणी हसेना. समोरचा नट वाक्य विसरला की आपण सावरून घ्यायचं, ही माझी जुनी खोड. मी पदर खोचला, वराकडच्या बायकांत जाऊन उभी राहिले आणि सुचेल ते जुळवलं:

"म्हशीचं काय सांगतीस, शेळी तुझी चोरटी गं,
नात नेली जयसिंगपुरी, बस आता एकटी गं!"

मांडव खदखदला. विहीणबाईही हसल्या. हळद लागली. धोंडुबाईनं माझा हात घट्ट धरला. "झ्याक म्हटलंस, अक्का. पर तू विहीण न्हाईस."

आता तेजस्वी सासरी असते. सकाळी पाला टाकताना धोंडुबाई कडवं म्हणते. मी माझ्या दारातून उत्तर देते. ती ऐकून घेते, मान डोलावते. मग रस्त्याकडं बघत पुन्हा तेच कडवं म्हणते आणि थांबते.