जाड ऑइल

आई म्हणायची, या मुलीच्या जिभेला हाड नाही. खरंच होतं ते. रिक्षावाल्याशी, शेजारणीशी, कॉलेजातल्या सरांशी, कुणाशीही मी दोन हात करायची. पण बाबांना एक वाक्य सांगायला मला आख्खा हिवाळा लागला, आणि तेही शेवटी मी बोललेच नाही.

आमच्याकडे तेव्हा नवी चारचाकी गाडी आली होती. नंबर लावून वर्षानुवर्षं स्कूटरची वाट बघायचे दिवस सरले होते. आता शोरूमवालेच फोन करून बोलवायचे, या साहेब, चक्कर मारून बघा. बडोद्यात तरसालीच्या आमच्या सोसायटीत तोवर सगळ्या जुन्या, खोकत चालणाऱ्या गाड्या. आमची मात्र इतकी गुपचूप सुरू व्हायची की चालू आहे की बंद ते कळू नये. आणि नेमकं तिथेच बिनसलं. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात बाबा बॉनेट उघडून उभे राहिले आणि म्हणाले, हिच्यात बारीक टिकटिक आहे.

बाबांनी आवाज आहे म्हटलं की तो असायचाच. कारखान्यात ते कॉम्प्रेसर सांभाळायचे, घराएवढाली यंत्रं. लोखंडी सळईचं एक टोक यंत्राला आणि दुसरं कानाला लावून ते डोळे मिटायचे आणि सांगायचे, चालू द्या, किंवा थांबवा. मीटर काय म्हणतो ते नंतर. बडे इंजिनिअरसुद्धा आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचे, असं त्यांचे सहकारी घरी येऊन सांगत. आणि त्या यंत्रांच्या आजूबाजूला दिवसरात्र माणसं वावरायची. इतकी वर्षं त्या गडगडाटात काढली, पण कानात बोळे घातले नाहीत. बोळे घातल्यावर मशीन काय बोलतंय ते कसं कळणार, हा त्यांचा सवाल.

मी गाडीत कान देऊन ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही. आईलाही नाही. बाबा म्हणाले, तुमचे कान तयार नाहीत. ऑइल पातळ पडतंय, बदलायला हवं.

गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं टेन-डब्ल्यू-थर्टी. हे काय प्रकरण, ते त्यांनी आम्हाला जेवताना समजावलं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितकं ऑइल गार असतानाही पटकन वाहतं आणि इंजिनाच्या माथ्यापर्यंत चढतं. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा. तो मोठा, म्हणजे उन्हाळ्यातही ऑइल जाड राहणार. आई म्हणाली, म्हणजे एकतारी पाक आणि दोनतारी पाक. बाबा खूश झाले. म्हणाले, अगदी बरोबर, आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात एकतारी पाकाचं पाणी होतं. मी म्हटलं, पण पुस्तिका तर गाडी बनवणाऱ्यांनीच छापली आहे ना? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने भात कालवला.

मग ट्वेन्टी-डब्ल्यू-फोर्टी आलं. टिकटिक गेली नाही. गॅरेजवाल्याकडे गाडी नेली, त्याने रेस देऊन बघितलं आणि म्हणाला, "काका, एन्जिन तो माखण जेवुं छे." लोण्यासारखं इंजिन! बाबांनी त्याला मनातून बाद केलं आणि दुसरा शोधला. त्यानेही तेच सांगितलं, तर तोही बाद. मग ट्वेन्टी-डब्ल्यू-फिफ्टी आलं. तेही पुरेना, म्हणून त्यात ऑइल आणखी घट्ट करणारं डबीतलं औषध ओतलं.

एकदा आईला आणायला आम्ही लहरीपुऱ्याच्या बाजारात गेलो होतो. रिक्षा, हातगाड्या, हॉर्न, आणि मध्ये अडकलेली आमची गाडी. बाबा काच खाली करून म्हणाले, बघ, इथे कशी शांत चालते, इथे अजिबात टिकटिक नाही. मला हसू आलं. या कलकलाटात टिकटिक काय, कुणी कानाशी ढोल बडवला तरी कळणार नाही, असं मी म्हटलं. तेही हसले. घरी सोसायटीच्या शांततेत गाडी उभी केली आणि त्यांचा चेहरा परत आक्रसला. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की आवाज गाडीत नसेलच तर?

रात्रीच्या भाकऱ्या करताना मी आईशी विषय काढला. तिला माझ्याआधीच कळलं होतं. पावसाळ्यात त्यांनी पंख्याचं बेअरिंग बदललं होतं, मग फ्रिजखाली रबर घातलं, मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून कपाटात ठेवलं. घरातल्या एकेका वस्तूचं तोंड बंद केलं, आणि घर जसजसं शांत होत गेलं तसतसा त्यांना आवाज जास्तच येऊ लागला. आई म्हणाली, "गाडीत काही नाही गं. यांच्या कानात आहे."

मग सांग ना त्यांना, मी चिडले. ती म्हणाली, एकदा सांगून बघितलं, डॉक्टरांना कान दाखवून या म्हटलं, तर दोन दिवस जेवणाच्या ताटावर एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले की माझ्या कानांवर हे घर चाललंय. मला बाबांची दया आली आणि रागही आला. आणि सगळ्यात जास्त भीती वाटली, कारण ज्याला नसलेला आवाज ऐकू येतो त्याला असलेला येतो का, हा प्रश्न आमच्या दोघींच्याही ओठांवर होता आणि दोघींनीही तो गिळला. ते रोज सकाळी कारखान्याच्या बसमध्ये चढत होते आणि संध्याकाळी येऊन सांगत होते, आज अमुक मशीन चालू द्या म्हटलं.

उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आधीची थंडी पडली. कारखान्यात दुरुस्तीसाठी थांबवलेला मोठा कॉम्प्रेसर त्याच आठवड्यात परत सुरू केला होता. शनिवारी बाबांनी सळई लावून तो ऐकला होता आणि हिरवा कंदील दाखवला होता. रविवारी सकाळी ते मला म्हणाले, चल, तू गाडी सुरू कर, मी समोरून ऐकतो.

मी किल्ली फिरवली. इंजिन जडपणे, कण्हत फिरलं आणि एकदम खडखडायला लागलं. खराखुरा आवाज, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा. त्या काकवीसारख्या ऑइलला गारठ्यात वर चढायला वेळ लागत होता आणि तोवर वरचे भाग कोरडे घासत होते. माझ्या सीटखाली थरथर जाणवली. आई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. समोरच्या बंगल्यातले काका पतंगाचा दोरा सोडून कुंपणाशी आले.

बाबा उघड्या बॉनेटखाली माझ्या बाजूने वाकलेले होते. कान इंजिनापासून हातभर अंतरावर. त्यांनी मान वर केली, आणि त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांत बघितला नव्हता इतका मोकळा होता. म्हणाले, "वा! एकदम साफ."

आई दारातल्या ओट्यावर तशीच उभी राहिली. एवढ्यात ऑइल वर पोचलं असावं. खडखड ओसरली, इंजिन पूर्वीसारखं मऊ चालू लागलं, समोरचे काका परत दोऱ्याकडे वळले. आणि बाबांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी बोट वर केलं. म्हणाले, बघ, आता सुरू झाली टिकटिक.

मी गाडी बंद केली आणि किल्ली घेऊन खाली उतरले.

इंजिन थांबलं तरी त्यांचं बोट तसंच वर होतं. सोसायटीत शुकशुकाट होता. त्यांनी इंजिनाकडे बघितलं, माझ्या हातातल्या किल्लीकडे बघितलं, मग आईकडे.

"आत्ता वाजत होतं का काही?" त्यांनी विचारलं. "आधी?"

आईने मान हलवली. हो.

मला वाटलं ते आता चिडतील, किंवा खाली बसतील. मी पुढे झाले, पण ते माझ्याजवळून तसेच चपला न काढता घरात गेले. त्यांनी कारखान्यात फोन लावला. पलीकडच्याला ते हिंदीत सांगत होते की काल मी पास केलेलं मशीन थांबवा, आत्ताच्या आत्ता थांबवा, लोकांना तिथून लांब करा आणि दुसऱ्या कुणाला तरी ऐकायला लावा. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाबा म्हणाले, "मेरे कान पे मत जाओ."

मग त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"थांबवतो म्हणाला का," ते म्हणाले, "तू ऐक."