सामान्य श्रोत्याची खुर्ची

मामांना आमच्या विषयातलं काही कळत नाही, हे मीच ठरवलं होतं.

प्राण्यांचं शरीर कसं चालतं, हे मी विद्यापीठात शिकवते. विज्ञान साध्या माणसाला समजेल असं सांगायचं कसं, हा दुसरा विषय मी अठरा वर्षांपूर्वी भांडभांड भांडून सुरू करवला. त्याच्या तोंडी परीक्षेला एक ‘सामान्य श्रोता’ लागतो, विषयातलं ओ की ठो न कळणारा. प्रोफेसरांमध्ये असा माणूस शोधणं अवघड नव्हतं, पण कबूल कोण करणार? शेवटी प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांना धरून आणलं. ते खुर्चीत बसले ते बसलेच.

मामांनी मान हलवली की दहा गुण. ‘नाही कळलं, बाळा’ म्हणाले की भल्याभल्यांची बोबडी वळायची. एकाने रक्तदाबावर पंधरा मिनिटं भाषण ठोकलं. मामा शांतपणे म्हणाले, “आवाज छान आहे तुझा.” परीक्षेच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि चहा मलाच आणायला लागायचा.

यंदा एका मुलीने मूत्रपिंडाचा असा काही काला केला, की मला माझ्याच पदवीची शंका यायला लागली. मामा मात्र खुशाल मान डोलावत होते.

“कळलं?” मी विचारलं.

“कळलं की. फक्त रक्त गाळून झाल्यावर कामाचं पाणी शरीर परत ओढून घेतं ना, तेवढं राहिलं तिचं.”

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढून मामांकडे पाहिलं. मी कपाळाला हात लावला. ऐकून ऐकून हा माणूस तयार झाला होता.

परीक्षा संपल्यावर मी त्यांना गाठलं. “किती वर्षं कळतंय हे सगळं?”

“झाली असतील पाच-सहा.”

“आणि गप्प बसलात?”

“सांगितलं असतं तर उठवलं असतं तुम्ही, मॅडम. एरवी या इमारतीत माझ्या होकाराची वाट कोण बघतं?”

माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट मात्र फार वाटलं, कारण उठवायला तर लागणारच होतं. म्हणून म्हटलं, “मामा, आता फळ्यापाशी उभे राहा. नवख्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगा. जमलं, तर पुढच्या वर्षी या विषयाचा पहिला तास तुमचा.”

“नवखं माणूस म्हणजे आमची मंडळीच. मी इथे काय करतो, हे तिने एकदाही विचारलेलं नाही.”

मामी फळांच्या शीतगृहात रात्रपाळीला. ठरलेल्या सकाळी पाळी संपवून तशाच आल्या, अंगात स्वेटर, आणि मामांच्या खुर्चीत बसल्या. मागे सगळा वर्ग तमाशा बघायला जमला होता. मामांनी विषय घेतला, बर्फाच्या पाण्यात उभं राहूनही बदक गारठत कसं नाही. आणि अठरा वर्षांत वेचलेले सगळे जड शब्द एकदम ओतले. धमन्या काय, शिरा काय, उष्णतेचा विनिमय काय.

“नाही कळलं,” मामी म्हणाल्या.

मामांना घाम फुटला. मी मदतीला तोंड उघडलं, तर मामींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

मामांनी खडू खाली ठेवला. “हे बघ. सकाळी तू कामावरून येतेस, तेव्हा मी निघालेलो असतो. दारात भेटतो आपण. तुझे हात बर्फ झालेले असतात.”

“मग तुम्ही धरता ते.”

“धरतो. माझी ऊब घेऊन तू आत जातेस, मी गार हातांनी बाहेर पडतो. बदकाच्या पायात तेच चालतं. खाली निघालेलं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देऊन टाकतं. पाय गार राहतात, पण अंगातली ऊब बाहेर जात नाही.”

“कळलं,” मामी म्हणाल्या. मी गुण लिहायला पेन उचललं, पण त्यांचं संपलं नव्हतं. “अहो, मग तुमचे हात?”

मामा गडबडले. इतक्या वर्षांत त्यांना कुठल्या पोराने असा प्रश्न विचारला नव्हता.

“होतात गरम,” ते म्हणाले. “दुपारपर्यंत.”