इग्नायटरवरचा हार

“ही मुकी आहे का गं?”

प्रश्न माझ्या पाठीमागून आला. मी गुडघे टेकून रॉकेटच्या बुडाशी वाकले होते, एक बारीक तार मोटरमध्ये सरकवत होते, त्यामुळे वळून पाहता येत नव्हतं. विचारणारी, ज्यांच्या रानात आम्ही आलो होतो त्या काकांची नवी सून असावी. उत्तर काकींनी दिलं.

“मुकी नाय गं. घोलवडच्या वाडीवाल्यांची पोर हाय. विंग्रजी शाळेत गेली, नि बोलणं तिथंच ठेवून आली.”

रॉकेटभोवती सुरक्षेसाठी बांधलेल्या दोरीपलीकडच्या सगळ्या बायका हसल्या. मलाही हसू आलं, पण हात हलू द्यायचा नव्हता.

२०१७ सालचा डिसेंबर होता. मी मुंबईत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि कॉलेजच्या रॉकेट क्लबमध्ये माझ्याकडे एकच काम होतं, इग्नायटर बसवणं. इग्नायटर म्हणजे मोटर पेटवणारी तार. तिच्या टोकाला काडेपेटीच्या काडीला असतो तेवढा काळा ठिपका. मोटरच्या आत खालपासून वरपर्यंत एक अरुंद अंधारं भुयार असतं. तो ठिपका त्या भुयाराच्या अगदी वरच्या टोकाला टेकायला हवा. तिथे पेटला तर ज्वाळा एका क्षणात सगळं भुयार व्यापते आणि रॉकेट सरळ सुटतं. तार खाली राहिली तर नुसतं तोंड पेटतं. रॉकेट ज्या दांड्याच्या आधाराने उभं असतं त्यावरून कसंबसं निघतं, कलंडतं आणि मिळेल त्या दिशेला जातं.

भुयारात डोकावून पाहता येत नाही. टोक टेकलं की नाही, हे हातालाच कळावं लागतं. लॅबमध्ये मी जुन्या तारा आणि रिकामी नळी घेऊन डोळे मिटून सराव करायचे. क्लबमधल्या बाकीच्यांना ते जमायला वेळ लागला. मला पहिल्या दिवशीच जमलं, आणि त्याचं कारण मी कुणाला सांगितलं नाही. ते कारण म्हणजे काका.

काका तलासरीजवळच्या पाड्यावर राहायचे आणि चिकूच्या हंगामात आमच्या घोलवडच्या वाडीत तोडणीला यायचे. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी माझ्या हातात बेडणी दिली होती. लांब बांबू आणि त्याच्या टोकाला जाळी. वर पानांच्या गर्दीत फळ दिसायचं नाही. “बघू नको, बाय,” ते म्हणायचे. “टोकाला काय लागतंय ते मनगटाला कळलं पाहिजे.” घरी मी इंग्रजीत बोलायचे आणि तेही कमीच. काकांबरोबर बोलावंच लागायचं नाही.

रॉकेटसाठी मोकळं रान शोधायची वेळ आली तेव्हा मला त्यांचंच गवताचं रान आठवलं. परवानग्यांचे कागद क्लबच्या सरांनी केले, पण काकांना विचारायला मी गेले. त्यांनी एकच विचारलं, “गवताला काय होणार नाय ना?” कापलेलं गवत रानाच्या कडेला गंज्या रचून ठेवलं होतं. त्या आठवड्यात ट्रक येऊन ते वखारीत जायचं होतं. वर्षाची सगळी कमाई तीच. मी नाही म्हणून मान हलवली. म्हणजे, मी शब्द दिला होता.

त्या सकाळी तार आत गेली आणि टोकाला थांबली. मनगटाला तो हलका स्पर्श कळला तेव्हा अंगावर शहारा आला. थोड्या वेळाने जिथे कुणालाच उभं राहता येणार नाही अशा जागेला मी आत्ता हात लावत होते. मोटरच्या तोंडाशी तारेवर आईच्या मरून रंगाच्या नेलपॉलिशची खूण येत होती. तार किती आत जायला हवी ते मी आधीच मोजून ती केली होती. मी चिकटपट्टी लावली आणि लांबच्या बटणाच्या डब्याकडून आलेल्या वायरचे चिमटे जोडले. लाल फितीतली किल्ली माझ्या गळ्यात होती. आमचा नियमच तसा होता: इग्नायटर बसवणाऱ्याकडे किल्ली, आणि ती डब्यात लागल्याशिवाय बटण दाबलं तरी काही होत नाही.

तेवढ्यात काका नारळ आणि झेंडूचा हार घेऊन आले. आमची लीडर माझ्याहून एक वर्ष पुढची, ठाण्याची. ती म्हणाली, “हो हो काका, करा ना. पटकन हं.” काकांनी बाजूच्या दगडावर नारळ फोडला, शिंतोडे उडवले. मग हार घेऊन रॉकेटकडे पाहिलं. ते त्यांच्याहून उंच होतं. क्षणभर विचार करून ते खाली वाकले आणि जिथे अग्नी लागणार होता तिथेच, बुडाशी लोंबणाऱ्या तारांवर, त्यांनी हार घातला. हात जोडले. सगळ्यांनी फोटो काढले.

मग लीडरने सगळ्यांना डब्याकडे, साठ-सत्तर पावलं मागे नेलं. नियमाप्रमाणे मी शेवटची. निघताना एकदा वाकून पाहिलं, तर नेलपॉलिशची खूण मोटरच्या तोंडापासून दोन बोटं खाली आली होती. ओल्या झेंडूच्या वजनाने चिकटपट्टी सुटली होती आणि तार खाली सरकली होती.

तार जोडलेली आहे एवढंच सांगणारा डब्यावरचा हिरवा दिवा तरीही लागला असता. तार तुटलेली नव्हती, फक्त चुकीच्या जागी होती, आणि ते मला एकटीलाच दिसत होतं. पश्चिमेकडे वाळलेल्या गवताच्या गंज्या होत्या.

“किल्ली आण ना यार,” लीडर लांबून ओरडली. “वारा सुटेल आता. दुसरी मोटर नाहीये आपल्याकडे!”

मी हाताने थांबायची खूण केली. काका परत माझ्याकडे चालत आले. मला म्हणायचं होतं, काका, हार जड आहे. पण देवाचा हार काढा असं मोठ्या माणसाला कुठल्या शब्दांत सांगतात, ते मला सुचेना. मनात आधी इंग्रजी वाक्य तयार झालं, मग त्याचं मराठी, आणि ते इतकं उद्धट वाटलं की घशातच राहिलं. मी खाली बसले, हार काढला आणि त्यांच्या ओंजळीत ठेवला.

“घातलेला काढतात का, बाय?” ते हळूच म्हणाले.

मी तारेकडे वळले. ते हार घेऊन परत गेले. दोरीपलीकडचं हसणं बंद झालं होतं. मी चिमटे काढले, तार सरळ केली, डोळे मिटले आणि पुन्हा आत सरकवली. टोक लागलं. खूण तोंडाशी आली. या वेळी चिकटपट्टी दुहेरी लावली आणि धावत जाऊन लीडरच्या हातात किल्ली दिली.

पाच, चार, तीन, दोन, एक.

आधी काहीच झालं नाही. मग बुडाशी एक पिवळा ठिपका दिसला, आणि पुढच्या क्षणी दांड्यावर रॉकेट नव्हतंच. आवाज कानाआधी छातीला लागला. आकाशात एक पांढरी रेघ उभी राहिली, इतकी सरळ, कुणीतरी पट्टी धरून ओढल्यासारखी. खालच्या ओहोळातले बगळे एकदम उठले. एवढ्याशा काळ्या ठिपक्याने, ज्याला मी बारीक तारेने अंधारात नेऊन टेकवलं होतं, हे केलं होतं? रेघ हळूहळू वाकडी होत विरली तरी मी तिथेच पाहत होते. मग फार वर एक केशरी ठिपका उमलला. पॅराशूट. तेव्हा कुठे आरडाओरडा सुरू झाला, आणि काकांची सून सगळ्यांत मोठ्याने ओरडली.

रॉकेट गंज्यांपासून लांब, कापलेल्या रानात उतरलं. मोटर निवल्यावर मी ते उचलून आणलं. बूड अजून चुलीवरून मघाशीच उतरवलेल्या भांड्यासारखं कोमट होतं. सगळे भोवती जमले. काका मात्र मागेच उभे होते. हार त्यांच्या ओंजळीत तसाच होता. खाली ठेवायचा नाही आणि घालायला जागा नाही, म्हणून ते इतका वेळ तो धरून होते. त्यांनी वर पाहिलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

लीडर मला मिठी मारायला आली. मी तिला चुकवून काकांसमोर जाऊन उभी राहिले, रॉकेट दोन्ही हातांवर आडवं धरून. काकी आणि सून बघत होत्या. वाक्य या वेळी मराठीतच सुचलं, आणि दोरीपलीकडेही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हणाले,

“काका, हाराच्या वजनाने तार खाली आली होती. तशीच पेटवली असती तर तुमचं गवत गेलं असतं. टोक लागलं की मनगटाला कळतं, हे मला तुम्हीच शिकवलंय. आता घाला हार.”